अजिंक्यताऱ्यावरून एव्हरेस्ट बेस कॅम्पकडे

प्रश्न : मी 54 वर्षांची, साताऱ्यात राहते. शिक्षिका होते, आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. येत्या एप्रिलमध्ये लेकीबरोबर एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरवलाय. रोज पहाटे अजिंक्यतारा चढते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड झालेत. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. सहलवाल्यांच्या कार्यक्रमात लुक्ला, फाकडिंग, नामचे, नामचेला एक दिवस विश्रांती, मग तेंगबोचे, लोबुचे आणि बेस कॅम्प असे टप्पे आहेत. ‘तुमचा दम चांगला आहे, एवढे दिवस पुरतील,’ असं ते म्हणतात. लेक म्हणते, डोकं दुखलं तर गोळी घ्यायची आणि चालत राहायचं. तयारी काय करू? पोचल्यावर कशाला जपू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तो कार्यक्रम बदलून घ्या. बूट, जॅकेट, सराव यांचं नंतर बघू.

तेंगबोचे 3,860 मीटरवर आहे, लोबुचे 4,940 वर. म्हणजे एकाच दिवसात तुमची झोपायची जागा हजार मीटरहून जास्त वर जाते. 3,000 मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्त काढायची, असा नियम आहे. म्हणून तेंगबोचेनंतर 4,410 मीटरवरच्या दिंगबोचेला दोन रात्री राहतात. तुमच्या कार्यक्रमातून नेमकं दिंगबोचेच गाळलंय. या दोन रात्री मागून घ्या. देत नसतील तर दुसऱ्यांबरोबर जा.

‘तुमचा दम चांगला आहे’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. आपल्याकडची गडांवर वाढलेली माणसं चालायला दणकट असतात, झपाझप चढतात आणि तिथेच अडकतात. बेस कॅम्पला, 5,364 मीटरवर, हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण आपल्यासारखंच 21 टक्के असतं; पण हवेचा दाब उतरल्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या मानाने जवळपास निम्मा होतो. त्याला जुळवून घ्यायला शरीर श्वास वाढवतं, मूत्रपिंडांचं काम बदलतं, रक्तात तांबड्या पेशी वाढवतं. या सगळ्याला दिवस लागतात. कळसूबाईचा माथा 1,646 मीटर. तिथवर हा सराव सुरूच होत नाही. अजिंक्यताऱ्याने तुमचे पाय आणि छाती तयार केली आहे, ती कामाला येणारच. उंचीचा सराव मात्र उंचीवरच होतो.

लेकीला माझा निरोप द्या. डोकं दुखलं तर गोळी जरूर घ्यावी, पण त्या दिवशी आणखी वर चढू नये. त्याच जागी थांबावं. दुखणं वाढलं, उलट्या सुरू झाल्या तर खाली यावं. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, झोकांड्या जाणं किंवा असंबद्ध बोलणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता, रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरायचं. सरळ रेषेवर टाचेला चवडा लावून चालायला सांगा. तोल जात असेल तर तो धोका समजा. तुम्ही दोघींनी आत्ताच एकमेकींना शब्द द्या की त्रास लपवायचा नाही. आपल्या बायका ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ म्हणून गप्प राहतात, आणि ते मला फार लागतं.

दिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी जवळच्या फेरिचेला एक चक्कर मारा. तिथे 1973 पासून हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. हंगामात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या त्रासाबद्दल समजावून सांगतात. लेकीला ते ऐकवाच.

रक्तदाबासाठी डॉक्टरांना आत्ताच भेटा, निघायच्या आठवड्यात नको. चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्स या गोळीचा विषय काढा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा. डॉक्टर हो म्हणाले तर घरीच एक-दोन दिवस घेऊन बघा, कारण तिने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. तिथे हे पहिल्यांदा झालं तर माणूस घाबरतो.

सरावात एकच बदल करा. पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन शनिवार-रविवार लागोपाठ पाच-सहा तास चाला. उतरणीकडे लक्ष द्या, परतीला गुडघे बोलू लागतात. बूट आत्ताच घ्या आणि याच चालण्यात मुरू द्या.

आता पोचल्यावरचं. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. तुमच्या वयाला आधार चालत नाही. काठमांडूला उतरल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. एप्रिल म्हणजे ऐन हंगाम, तेव्हा लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात. मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तास वळणावळणाचा रस्ता, गाडी लागत असेल तर गोळी जवळ ठेवा. लुक्लाच्या विमानात सामानाला सहसा 15 किलोची मर्यादा असते. ढग आले की उड्डाणं रद्द होतात, कधी सलग दोन-तीन दिवस. म्हणून घरी परतायच्या तिकिटाआधी किमान दोन दिवस मोकळे ठेवाच. विमा घेताना 6,000 मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही लेखी आहेत का ते वाचा. साध्या प्रवास विम्यात बहुधा ते नसतं.

वाटेवर खेचरं किंवा झोपक्यो (याक आणि गाय यांच्या संकरातलं ओझ्याचं जनावर) आले तर डोंगराच्या बाजूला उभ्या राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. मणी भिंत, म्हणजे बौद्ध मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, उजव्या हाताला ठेवून पुढे जा. नामचेच्या वर मांस टाळा. तिथे जनावर कापत नाहीत, ते खालून पाठीवर वाहून येतं. डालभात खा, तो हवा तेवढा वाढतात. नामचेला विश्रांतीच्या दिवशी खोलीत पडून राहू नका. स्यांगबोचे, खुमजुंगपर्यंत सावकाश चढा आणि झोपायला नामचेलाच या.

प्रश्न : याच ट्रेकला मित्रांबरोबर जातोय. पोर्टर घेणं मला कमीपणाचं वाटतं. स्वतःचं ओझं स्वतः वाहावं ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जरूर वाहा, मनापासून वाटत असेल तर. पण कमीपणाचं काही नाही. खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागातल्या, कितीतरी घरांचं वर्ष हंगामातल्या या मजुरीवर चालतं. पोर्टर घेतलात तर ठरवतानाच विचारा की त्याचा विमा आहे का, उंचीवर पुरतील असे बूट आणि जाकीट आहे का, रात्री तो कुठे झोपणार. दोघांची मिळून एक बॅग दिलीत तर वजन स्वतः करून बघा. त्याला ‘दाइ’ म्हणा, वयाने लहान असेल तर ‘भाइ’. त्याचं डोकं दुखतंय का हेही रोज विचारा. बरेच पोर्टर सखल गावांतून आलेले असतात आणि उंची त्यांनाही लागते. तो आजारी पडला तर त्याला एकट्याला खाली पाठवू नका, सोबत माणूस द्या. बक्षिसी लुक्लाच्या शेवटच्या संध्याकाळी थेट त्याच्या हातात द्या.