शिकलीसवरलेली माणसं कंझर्व्हेटिव्ह मेनोनाइट मंडळीचे इतके नियम का पाळतात? हा जाच नाही का?

मेनोनाइट हा ख्रिस्ती लोकांचा एक पंथ, आणि कंझर्व्हेटिव्ह म्हणजे त्यातले जुनी शिस्त सांभाळणारे. प्रश्नात तुम्ही तीन गोष्टी धरल्यात: घरात टीव्ही नाही, बायकांच्या डोक्यावर पांढरी जाळीदार टोपी, आणि लग्न झालं तरी बोटात अंगठी नाही. तिन्ही खऱ्या आहेत. पण ज्या नियमापायी या लोकांचा खरा कस लागतो, तो तुमच्या यादीत नाहीच.

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत राहते. बरीच वर्षं एका कंझर्व्हेटिव्ह मेनोनाइट कुटुंबाच्या कारखान्याचे हिशेब सांभाळते. परसात ठेवायच्या लाकडी शेड बनवतात ते. मी त्यांच्या मंडळीची सभासद नाही. मी नेवासा तालुक्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातली. आमचं चर्च निराळं, बायबल तेच. ते तेच आहे म्हणूनच हा प्रश्न मला झोंबला.

आधी तुमच्यापुरतं उत्तर देते. नियम लेखी असतात. छापील पुस्तिका असते, आणि बाप्तिस्म्याआधीच्या शिकवणीत ती नीट समजावून सांगतात. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देत नाहीत, कळत्या वयात स्वतः मागून घ्यायचा असतो. 1525 साली झुरिकमध्ये ही चळवळ सुरू झाली ती याच मुद्द्यावर, आणि दोनच वर्षांत फेलिक्स मान्झला त्यापायी लिमात नदीत बुडवून मारलं. तेव्हा यांना कुणी बळजबरीने बांधून ठेवलंय असं म्हणताना जरा विचार करा. डोकं झाकण्याचा आधार करिंथकरांस पहिल्या पत्राचा 11 वा अध्याय, दागिने न घालण्याचा तीमथ्याला पहिल्या पत्राचा 2 रा. लँकेस्टर कॉन्फरन्स या इथल्या मेनोनाइट मंडळ्यांच्या संघाने 1968 च्या सुमारास आपली शिस्त सैल केली तेव्हा ती जशीच्या तशी हवी म्हणणारे बाहेर पडले आणि त्यातून ईस्टर्न पेनसिल्व्हेनिया मेनोनाइट चर्च उभं राहिलं. म्हणजे मोकळीक समोर असताना माणसांनी नियम निवडले. ही माणसं गाड्या चालवतात, वीज वापरतात, कॉम्प्युटरवर कामं करतात. घोडागाडीवाले ते वेगळे.

कपड्यांचं मला विचाराल तर ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे. सवयीने जमते. आमच्या मालकीणबाई म्हणतात, सकाळी काय घालू हा विचारच करावा लागत नाही. पण त्या कपड्यांमुळे एक होतं: पेट्रोल पंपावर, बँकेत, रस्त्यावर कुठेही उभ्या राहिल्या तरी त्या कुणाच्या आहेत हे बघणाऱ्याला कळतं. मग रांगेत घुसता येत नाही की कुणावर खेकसता येत नाही.

आता तो नियम सांगते. हे लोक कोर्टात जात नाहीत. कुणावर दावा लावत नाहीत. वाईटाला हात उगारून उत्तर द्यायचं नाही, हे मत्तयाच्या 5 व्या अध्यायातलं वचन ते अक्षरशः घेतात. सैन्यात जायचं नाही, शपथ घ्यायची नाही, हे सगळं त्याच मुळातून आलंय.

आमच्या शेड न्यू जर्सीतला एक विक्रेता उधारीवर घ्यायचा आणि आपल्या जागेत मांडून विकायचा. एका हंगामात त्याने बराच माल उचलला, विकला, गिऱ्हाइकांकडून पैसे घेतले आणि आमच्याकडे भरणा थांबवला. फोन केला की आज देतो, उद्या देतो. मग फोन उचलणंच बंद. रक्कम लहान नव्हती, त्या वर्षाचा सगळा नफा त्यात गेला असता. मी एकेक इन्व्हॉइस लावली, डिलिव्हरीच्या सह्या काढल्या, पैसे देणं लागतो असं त्याने कबूल केलेले ईमेल छापले आणि फाइल मालकांच्या टेबलावर ठेवली. कुठल्याही वकिलाने डोळे मिटून जिंकावी अशी ती केस होती.

मालकांनी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बेरीज बरोबर आहे ना, एवढंच विचारलं. फाइल मिटली आणि म्हणाले, "त्याला अजून एक पत्र लिहू. मग मी स्वतः जाऊन भेटतो."

मी विचारलं, "आणि नाही दिले तर?"

"तर नाही दिले. आपण कोर्टात जात नाही."

ते खरंच गेले. मंडळीच्या डीकनला, म्हणजे पाळकाच्या मदतनीसाला, बरोबर घेतलं, दोघं गाडी हाकत न्यू जर्सीला गेले. तो माणूस गोड बोलला, पुढच्या महिन्याचा वायदा केला, आणि पुढच्या महिन्यात काहीच आलं नाही. वर्षअखेरीला मालकांनी मला ती रक्कम बुडीत खात्यात टाकायला सांगितलं. मी मुद्दाम रेंगाळले. माझ्या हाताने ते होईना. तो माणूस त्या पैशावर मजा मारत असेल आणि इकडे नव्या ट्रकची ऑर्डर रद्द होतेय, हे मला बघवत नव्हतं.

त्याच सुमाराला लाकूड पुरवणाऱ्याचं बिल आलं. तोही त्यांच्याच मंडळीतला. बिलावर छापलेली भरण्याची तारीख निळ्या पेनाने खोडलेली आणि खाली हाताने लिहिलेलं, "जमेल तेव्हा." सही नाही, वर एक शब्दही नाही. त्याला कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही, मालकांनी तर नक्कीच नाही. ते बिल उन्हाळ्यात चुकतं झालं. आमच्या फाइलला ते अजून लावलेलं आहे आणि मी ते तिथून काढू देणार नाही.

न्यू जर्सीचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. शेवटी त्याला उपरती झाली, असं काही झालेलं नाही.

ही हकिकत मी फोनवर दादाला सांगितली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाकडे शेती बघतो. तो म्हणाला, "बावळट आहेत. तिकडे तर निकाल लवकर लागतो, तरी जात नाहीत? याला देवभक्ती नाही म्हणत, भ्याडपणा म्हणतात." त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

दादाचा स्वतःचा दावा चालू आहे, आमच्या सख्ख्या चुलतभावावर, बांधावरून. मुळा कालव्याचं पाणी आल्यापासून तिथे ऊस होतो, म्हणून त्या दोन हात पट्टीला एवढा भाव. वडील गेले आणि त्यानंतर दावा लागला. आता तारखा पडतात, वकील बदलतात, साक्षीदार म्हातारे होतात. दोघंही रविवारी त्याच चर्चमध्ये बसतात, एक या बाजूच्या बाकावर, एक त्या. प्रभुभोजनही दोघं घेतात. पोरांची मात्र एकमेकांच्या लग्नाला जायची सोय राहिलेली नाही. वहिनी आणि चुलतवहिनी एकाच नळावर पाणी भरतात आणि एकमेकींकडे बघत नाहीत.

भ्याडपणाचं दादाला तेव्हा जे सांगितलं ते इथेही लिहिते. दुसऱ्या महायुद्धात या लोकांची पोरं सैन्यात गेली नाहीत. त्याऐवजी 1941 ते 1947 सरकारने काढलेल्या नागरी सेवेच्या छावण्यांत बिनपगारी राबली. कुणी वेड्यांच्या इस्पितळात, कुणी धरणं-बंधाऱ्यांवर. माँटानात मिसूला इथे जंगलातले वणवे विझवायला विमानातून पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांतही ती होती. भ्याड माणूस हे करेल का? आमच्या ऑफिसात भिंतीवर एकच चित्र आहे. डर्क विलेम्स नावाचा डच माणूस, याच चळवळीतला, साल 1569. पकडायला आलेल्याच्या पुढे गोठलेल्या पाण्यावरून पळत सुटला होता. मागचा माणूस बर्फ फुटून आत पडला. डर्क मागे वळला, त्याला हात देऊन बाहेर काढलं, पकडला गेला आणि जिवंत जाळला गेला. त्यांच्या पोरांना ही गोष्ट शाळेत जायच्या आधी येते.

दादा बायबल वाचतो, म्हणून त्याने मला बायबलातच पकडलं. म्हणाला, खटले करू नका असं पौलाने करिंथकरांना लिहिलं ते विश्वासणाऱ्यांनी आपसात करू नयेत म्हणून. तो न्यू जर्सीवाला कुठे मंडळीतला होता? मुद्दा चूक नाही. मेनोनाइट तिथे मत्तयाचा आधार घेतात, अंगरख्यासाठी फिर्याद करणाऱ्याला वरचं पांघरूणही द्यायचं, तो. पण दादा, तुझा चुलतभाऊ तर मंडळीतलाच आहे ना? मग करिंथकर तुला लागू झाले की नाही? याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाकडे परत येते. नियम पाळले जातात कसे, हे कळायचं असेल तर प्रभुभोजनाच्या आधी काय चालतं ते बघा. प्रभुभोजन वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. त्याआधी एक सभा असते. तिथे नियम पुन्हा समोर ठेवतात, आणि देवाशी व माणसांशी आपला समेट आहे, हे प्रत्येक सभासदाने सांगायचं असतं. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने आधी जाऊन ते मिटवायचं. एका वर्षी त्या आठवड्यात मालक कारखान्यात आले, टोपी हातात घेतली आणि करवतीचं मशीन बंद करायला सांगितलं. पगाराच्या हिशेबावरून ते माझ्यावर चढ्या आवाजात बोलले होते. मी ते विसरूनही गेले होते. म्हणाले, "सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माझं चुकलं." मी तर त्यांच्या मंडळीचीही नाही. मशीन पुन्हा सुरू झालं. माझे हात मात्र बराच वेळ की-बोर्डवर नुसतेच होते.

याला तुम्ही जाच म्हणा हवं तर. माझ्या भावाच्या घरात मला जो दिसतो, त्यापुढे हा काहीच नाही.

आता ज्या गोष्टी मला पटत नाहीत त्याही सांगते, नाहीतर म्हणाल एकच बाजू मांडली. बायकांना पाळक होता येत नाही. कॉलेजला फार थोडी मुलं जातात, आणि हुशार पोरगी शिकायची थांबली की मला वाईट वाटतं. मंडळी सोडणाऱ्याचे घरच्यांशी संबंध ताणतात, काही घरांत फार. आणि सगळ्यात महत्त्वाचं: क्षमा हा शब्द मुलांवरच्या अत्याचाराच्या बाबतीत आडोसा म्हणून वापरला गेल्याची प्रकरणं प्लेन, म्हणजे अशाच साध्या पोशाखाच्या, मंडळ्यांमधून कोर्टापर्यंत आलेली आहेत. तिथे मी एक पाऊल मागे येणार नाही. पोलिसांनाच कळवायचं, आणि पेनसिल्व्हेनियात पाळक आणि शिक्षकांवर तसं कायद्याने बंधन आहे. बुडालेले पैसे सोडून द्यायचा हक्क ज्याचे बुडाले त्याचा. लेकराचा न्याय सोडून द्यायचा हक्क कुणालाच नाही. शिवाय सगळ्या मंडळ्या सारख्या नसतात. एका बिशपाकडे जे चालतं ते दुसऱ्याकडे चालत नाही, तेव्हा माझ्या मालकांवरून सगळ्यांना जोखू नका.

तुम्हाला खरंच समजून घ्यायचं असेल तर रविवारी त्यांच्या उपासनेला जाऊन बसा. बाहेरच्याला मज्जाव नसतो. वाद्य नसतं, चार आवाजांत गातात. संपल्यावर बहुधा कुणीतरी जेवायलाच घरी नेईल. टोपीबद्दल विचारू नका, त्याची उत्तरं त्यांची पाठ आहेत. शेवटचं कुणाशी भांडण झालं आणि ते कसं मिटवलं, हे विचारा.

आणि दादा, या उत्तराची लिंक मी तुला पाठवणार आहे, म्हणून इथेच लिहिते. भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून घे, फी मी भरते. मोजणीच्या दिवशी चुलतभावाला आणि पाळकांना दोघांना बोलव, खुणा सगळ्यांसमोर लागू देत. पट्टी त्याच्या बाजूला गेली तर त्यातल्या उसाचं नुकसान मी देईन, दरवर्षी देईन. पुढच्या तारखेला वकिलाला फक्त दावा मागे घेण्याचा अर्ज लिहायला सांग.