गर्भपात 'झाला', 'करून घेतला', 'करायला लावला'

प्रश्न असा : बातमीत 'भ्रूणहत्या', दवाखान्याच्या कागदावर 'गर्भपात', जुन्या वैद्यकात 'गर्भस्राव'. तिन्हींचा अर्थ एकच का?

नाही. घोळ 'पात' या शब्दापासून सुरू होतो. पत् म्हणजे पडणे, म्हणून गर्भपात म्हणजे नुसतं गर्भ पडणं. मुद्दाम पाडण्याला संस्कृतात गर्भपातन म्हणतात. बोलण्यात आपणही पडणं आणि पाडणं कधी एक करत नाही. लेखी मराठीने मात्र 'पातन' टाकून दिलं आणि दोन्ही अर्थ 'गर्भपाता'च्याच गळ्यात बांधले. त्यामुळे आता सगळी भिस्त क्रियापदावर. 'झाला' म्हणजे आपोआप, 'करून घेतला' म्हणजे तिच्या इच्छेने, 'करायला लावला' म्हणजे जबरदस्तीने. तिच्या संमतीशिवाय गर्भपात घडवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मथळ्यात 'विवाहितेचा गर्भपात' एवढंच छापलं की हा सगळा फरक गळून पडतो.

गर्भस्रावाबद्दल थोडक्यात. सुश्रुतसंहिता चौथ्या महिन्यापर्यंत स्राव म्हणते आणि पाचव्या-सहाव्यात पात. आजच्या डिस्चार्ज कार्डवर हा भेद सापडत नाही. तिथे आपोआप पडलेल्यालाही 'अबॉर्शन'च लिहितात. 'मिस्ड अबॉर्शन' म्हणजे ठोके थांबले, पण गर्भ आतच राहिला. घरच्यांना एवढा एकच शब्द वाचता येतो आणि 'पाडलं का?' हा प्रश्न त्या बाईच्या वाट्याला येतो. कार्ड समजावताना 'गर्भ आतच थांबला' असं सरळ सांगावं. 'पिशवी धुतली' यातून काहीच कळत नाही. आपोआप पडल्यावर धुतात, पाडतानाही धुतात.

खरी अडचण 'स्त्रीभ्रूणहत्ये'ची. वैद्यकाच्या हिशेबात भ्रूण फलनानंतरच्या पहिल्या आठ आठवड्यांपुरता, पुढे तो गर्भ. सोनोग्राफीत लिंग दिसू लागतं तोवर भ्रूणावस्था उलटून गेलेली असते! महाराष्ट्राचा १९८८ चा कायदा असो वा देशाचा १९९४ चा, दोन्हींचा रोख लिंगनिदानावर आहे. केंद्रांवर पाटी असते तीही 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशीच. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१ चा, आणि त्यातल्या अटी पाळून केलेला गर्भपात कायदेशीर आहे. त्याला 'हत्या' म्हणणं चूकच, असं माझं स्पष्ट मत. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडण्याला 'लिंगनिवड' हा नेमका शब्द हाताशी आहे.

'नवऱ्याने गर्भपाताची परवानगी दिली' हे वाक्यही असंच फसवं. कायद्याला हवी ती संमती, आणि सज्ञान स्त्रीची एकटीची पुरते. अठरा वर्षांखालील किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची लेखी संमती लागते.

'वैद्यकीय गर्भपात' लिहिताना थांबून विचार करावा. कायद्याच्या नावात 'वैद्यकीय'चा अर्थ डॉक्टरी उपायाने केलेला, मग तो गोळ्यांनी असो वा शस्त्रक्रियेने. डॉक्टरांच्या बोलण्यात तोच शब्द फक्त गोळ्यांसाठी येतो, तेही सुरुवातीच्या नऊ आठवड्यांसाठी. गोळ्याच म्हणायच्या असतील, तर 'गोळ्यांनी गर्भपात' लिहावं.

शेवटी आठवडे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये नियमांत सांगितलेल्या स्त्रियांनाच मुभा आहे आणि मत दोन डॉक्टरांचं. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, 'दिवस गेले' असं कळलं त्या तारखेपासून नाही. चोवीस आठवडे म्हणजे सहा महिने, असं भाषांतर सर्रास दिसतं. ते १६८ दिवस, म्हणजे साडेपाच महिने. सहा महिने पुरे होईपर्यंत २६ आठवडे लागतात, तोवर मुदत टळलेली असते.