शहराचंच दिवाळं निघालं तर रहिवाशांनी कोणाचं दार ठोठवायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: कारखान्यांवर उभं राहिलेलं एखादं शहर कर्जात बुडालं तर तिथले लोक मदत कोणाकडे मागतात, आणि अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहरातल्या लोकांना मागून काही मिळालं का?

मिळालं. पण "आमचं शहर वाचवा" म्हणत गेलेल्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. ज्यांनी एकच ठरावीक गोष्ट मागितली, ती देणं ज्याच्या हातात होतं त्याच्याकडेच मागितली, आणि सोबत कागद नेले, त्यांचं काम झालं. तेही बऱ्याचदा उशिरा.

मी 2009 ते 2017 गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. राहायला एट माइल रोडच्या उत्तरेला, म्हणजे उपनगरात. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो रस्ता म्हणजे शहराची हद्द, आणि मी सुखरूप बाजूला होतो. आमच्याकडे दिवेलागणीला दिवे लागायचे. हद्दीपलीकडे 2013 साली रस्त्यावरचे साधारण 40 टक्के दिवे बंद होते. उशिरा घरी परतताना अख्खी गल्ली काळोखात आणि मध्येच एखाद्या घराच्या ओसरीवरचा दिवा लागलेला दिसायचा. त्या घरात कोणी राहतं, एवढं त्यावरून कळायचं.

शहर बुडालं कसं, हे थोडक्यात. 1950 साली वस्ती साडेअठरा लाख होती, 2010 साली सात लाखांच्या थोडी वर. माणसं गेली, पण साडेतीनशेहून जास्त चौरस किलोमीटरचा पसारा जागेवरच राहिला. जलवाहिन्या तेवढ्याच, रस्ते तेवढेच, पेन्शनवर असलेले निवृत्त कर्मचारी कामावर असलेल्यांच्या दुप्पट. राज्याकडून येणारा महसुलाचा वाटा आटत गेला. 2005 साली पेन्शन फंडातलं भगदाड बुजवायला शहराने सुमारे 1.4 अब्ज डॉलरचं कर्ज उचललं, वर व्याजदरावर पैज लावल्यासारखे करार केले, आणि 2008 नंतर ते करार अंगाशी आले. 18 जुलै 2013 रोजी सुमारे 18 अब्ज डॉलरच्या देण्यासह शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेत एवढं मोठं शहर त्याआधी कधी दिवाळखोरीत गेलं नव्हतं.

अशा वेळी कोणालाही पहिल्यांदा वॉशिंग्टन आठवतं. माझ्या मते सगळ्यात निरुपयोगी दार तेच. शेजारच्या ओहायो राज्यातल्या यंगस्टाउनचं उदाहरण घ्या. 19 सप्टेंबर 1977 ला तिथली मोठी पोलाद गिरणी बंद होणार असं जाहीर झालं, सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या. लोकांनी काही दिवसांत लाखभर सह्या गोळा केल्या आणि बसगाड्या भरून राजधानी गाठली. नंतर चर्चमधल्या मंडळींनी पुढाकार घेतला, गिरणी लोकांनीच विकत घ्यायची ठरवली, बँकांत खास बचतखाती उघडली. त्यात चाळीस लाख डॉलरच्या आसपास जमा झाले. पण सगळा बेत केंद्र सरकारच्या कर्जहमीवर टांगलेला होता, आणि 1979 साली सरकारने हमी द्यायला नकार दिला. मिटलं.

डेट्रॉइटच्या वेळीही तेच. केंद्राने शहराची देणी उचलायची नाहीत असं ठरवलं. सप्टेंबर 2013 मध्ये सुमारे 30 कोटी डॉलरची मदत जाहीर झाली, पण त्यात आधीच ठरलेली अनुदानं आणि खासगी देणग्या धरलेल्या होत्या. 18 अब्जांपुढे दर्यामें खसखस. आणि चारच वर्षांपूर्वी, 2009 साली, याच भागातल्या दोन मोटार कंपन्यांना सरकारने अब्जावधी डॉलर ओतून उभं केलं होतं. माझा पगार त्या पैशावर चालू राहिला, त्यामुळे मी त्याविरुद्ध बोलणं शोभत नाही. पण शहरात राहणाऱ्यांना ते बोचायचं, आणि बोचायलाच हवं होतं.

दुसरं दार राज्याचं. इथे एक गोष्ट समजून घ्या: अमेरिकेत शहर हे कायद्याने राज्याचं लेकरू असतं. राज्याने परवानगी दिल्याशिवाय त्याला दिवाळखोरीत जातासुद्धा येत नाही. त्यामुळे राज्याकडे मदत मागायला गेलं की ते आधी कमरेच्या किल्ल्या मागतं. मिशिगनमध्ये आर्थिक आणीबाणी प्रशासक नेमण्याचा कायदा होता. नेमणूक राज्यपालाची, आणि तो प्रशासक आला की निवडून दिलेल्या महापौराच्या आणि नगरसेवकांच्या सहीला किंमत उरत नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये राज्यभरच्या मतदारांनी सार्वमतात तो कायदा फेटाळला. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने जवळपास तसाच नवा कायदा केला आणि त्यात निधीची तरतूद घातली, कारण अशा कायद्यावर मिशिगनमध्ये सार्वमत घेता येत नाही. मार्च 2013 मध्ये केव्हिन ऑर प्रशासक म्हणून आले. लोकांनी मतपेटीतून "नको" म्हटलं होतं, तरी झालं ते हे.

म्हणून खरी लढाई कोर्टात झाली. आमच्या क्वालिटी विभागातल्या एका सहकारी बाईंच्या आई शहराच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्यासारख्यांची पेन्शन वर्षाला सरासरी 19-20 हजार डॉलर, म्हणजे कोणी गडगंज नव्हतं. पेन्शन कापता येणार नाही असं मिशिगनच्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे, त्यामुळे आई निर्धास्त होत्या. सप्टेंबर 2013 मध्ये न्यायाधीश स्टीव्हन रोड्स यांनी एक दिवस खास राखून ठेवला: वकील बाजूला, ज्या सामान्य माणसांनी लेखी हरकत दिली आहे त्यांनी स्वतः बोलायचं. आईंनी हरकत दिलीच नव्हती. "घटनेतच लिहिलंय, वेगळा अर्ज कशाला?" डिसेंबरमध्ये निकाल आला की केंद्राचा दिवाळखोरी कायदा वरचढ आहे, पेन्शन कापता येते.

आता काय विकायचं, यावर धनकोंची नजर गेली ती शहराच्या कलासंग्रहालयावर. तिथे ब्रॉयगेलचं चित्र आहे, व्हॅन गॉगचं आहे, दिएगो रिव्हेराने भिंतींवर रंगवलेला मोटार कारखाना आहे, आणि सगळं मालकीने शहराचं. शहराच्या पैशाने घेतलेल्या चित्रांचीच किंमत लिलाव कंपनीने 45 ते 87 कोटी डॉलरच्या दरम्यान काढली. तडजोड घडवून आणणाऱ्या न्यायाधीशांनी मग मोठ्या धर्मादाय संस्थांना साकडं घातलं. संस्थांनी 36.6 कोटी डॉलर कबूल केले, राज्याने 19.5 कोटी, संग्रहालयाने स्वतः 10 कोटी उभे करायचे. राज्याचा वाटा एकरकमी 19.5 कोटींऐवजी वीस वर्षांत विभागून 35 कोटी धरला तर हा सौदा 81.6 कोटींचा. पैसा पेन्शन फंडात गेला, चित्रं एका स्वतंत्र न्यासाकडे.

लोकांना हे वरून पडलेलं दान वाटतं. पण निम्मी मेख पेन्शनरांच्या हातात होती, कारण सौदा मान्य आहे का यावर त्यांचं मतदान झालं. 2014 च्या उन्हाळ्यात बाईंनी आईला आलेलं जाडजूड पाकीट ऑफिसात आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं-चौघं ते वाचत बसलो. मी करारमदार वाचून पोट भरणारा माणूस, तरी मला दोनदा वाचावं लागलं. "होय" म्हटलं तर पेन्शनमध्ये 4.5 टक्के कपात, महागाईवाढ बंद, आणि पुढे कोर्टात जायचा हक्क सोडायचा. "नाही" म्हटलं आणि सौदा मोडला तर कपात 27 टक्के. पोलीस आणि अग्निशमनवाल्यांची मूळ पेन्शन शाबूत, फक्त महागाईवाढ कमी. आई म्हणाल्या, हे मत नव्हे, मानेवर सुरी आहे. आणि "होय"वर खूण केली. त्यांच्या गटात 73 टक्क्यांनी तेच केलं. सुरी होती हे खरं, पण त्या सह्या पडल्या नसत्या तर सौदाही नव्हता, आणि संस्थांचे पैसेही नव्हते. शहर 10 डिसेंबर 2014 ला दिवाळखोरीतून बाहेर पडलं.

पाण्याची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. 2014 च्या वसंतात थकबाकीदारांची नळजोडणी तोडायची मोहीम सुरू झाली, हजारोंच्या संख्येने. कंत्राटदाराची माणसं झाकण उघडून व्हॉल्व्ह बंद करायची आणि काही ठिकाणी फूटपाथवर निळ्या रंगाची रेघ मारून जायची. त्या रेघेमुळे शेजाऱ्यांना कळायचं कुणाच्या घरी पाणी नाही. लोकांनी थेट संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं की पैसे नाहीत म्हणून पाणी तोडणं हे मानवी हक्कांचं उल्लंघन आहे, ऑक्टोबरात दोन प्रतिनिधी येऊनही गेले. जगभर बातम्या झाल्या. पण कोर्टाने मोहिमेला स्थगिती द्यायचं नाकारलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या हातात नळाचा पाना नव्हता. तोडणी मोठ्या काळासाठी थांबली ती 2020 मध्ये, कोविडची साथ आल्यावर. कमी उत्पन्नाच्या घरांना महिना 18 डॉलरपासून पाणी देणारी योजना आली ती 2022 मध्ये. म्हणजे मागणी पहिल्यापासून रास्त होती, पण ती पुरी व्हायला आठ वर्षं गेली.

उत्तरेला तासाभरावर फ्लिंट आहे. तिथेही आणीबाणी प्रशासक, तिथेही पैसे वाचवायची घाई. एप्रिल 2014 मध्ये शहराला नदीचं पाणी सुरू केलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जायचे आणि पाणी उत्तम आहे असं ऐकून परत यायचे. ऑक्टोबरात तिथल्या इंजिन कारखान्याने ते पाणी घेणं बंद केलं, कारण सुट्या भागांना गंज चढत होता. आमच्या धंद्यात ही बातमी त्याच आठवड्यात पसरली. आम्ही "क्लोराइड जास्त असणार" म्हणून मान हलवली आणि कामाला लागलो. लोखंडाला जे सोसत नाही ते माणसं पितायत, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही, याची मला आजही लाज वाटते. शेवटी 2015 साली रहिवाशांनीच घराघरांतून अडीचशेवर नमुने गोळा केले, व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या चमूने त्यांत जुन्या नळांतून उतरलेलं शिसं मोजलं, एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्ताचे आकडे मांडले, आणि ऑक्टोबरात नदीचं पाणी बंद झालं. बाटल्यांनी दीड वर्षात जे झालं नाही ते आकड्यांनी दोनेक महिन्यांत झालं.

आता ज्या दाराबद्दल कोणी लिहीत नाही ते. घरपट्टी.

2008 नंतर डेट्रॉइटमधल्या घरांच्या किमती कोसळल्या, पण कराची आकारणी जुन्याच भावाने चालू राहिली. आकारणी बाजारभावाच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी असं राज्यघटनेत आहे. ते पाळलं गेलं नाही. कर थकला की काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं प्रशासन) घर जप्त करायची आणि लिलावात 500 डॉलरपासून बोली लागायची. यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी की गरीब घरमालकाला करमाफी देणारी तरतूद कायद्यात होती. ती असंख्य लोकांना माहीतच नव्हती, आणि माहीत असलेले अर्जाच्या किचकटपणापुढे हात टेकायचे.

त्याच सहकारी बाईंच्या चर्चमध्ये शनिवारी हे अर्ज भरून द्यायचे. मी चार-पाच वेळा गेलो, कारण मला फॉर्म भरता येतात, दुसरं काही नाही. तळघरातलं सभागृह, घडीची टेबलं, कोपऱ्यात फोटोकॉपीचं यंत्र, सही साक्षांकित करायला शिक्का घेऊन बसलेल्या एक निवृत्त बाई. माझ्यासमोर एक आजोबा बुटांचा खोका घेऊन बसले. खोक्यात चाळीस वर्षांच्या पावत्या, तारीखवार. एकही कर चुकला नव्हता, शेवटची काही वर्षं सोडून. ओळखपत्र आहे, उत्पन्नाचा दाखला आहे, आणि घराचं खरेदीखत? तेही होतं. पण वडिलांच्या नावावर. वडील वारून बरीच वर्षं झालेली, वारसनोंद केलेलीच नाही. कायद्याच्या नजरेत ते स्वतःच्याच घरात पाहुणे. माफी मिळते ती राहत्या मालकाला.

अर्ज करायला अडचणी घातल्या जातात म्हणून 2016 साली रहिवासी कोर्टात गेले. 2018 मध्ये समझोता झाला: अर्ज सोपा करायचा, माफीला पात्र असूनही घर जप्तीत अडकलेल्यांना ते 1000 डॉलरमध्ये परत घेऊ द्यायचं. वॉशिंग्टनच्या 30 कोटींपेक्षा या एका कागदाने जास्त लोकांना त्यांच्या ओसरीवर ठेवलं असावं, असं मला वाटतं.

तुमच्या ओळखीत कोणी अशा शहरात राहत असेल तर त्यांना मोर्चाआधी तीन गोष्टी बघायला सांगा: घर कोणाच्या नावावर आहे, आकारणीवर हरकत घ्यायची मुदत कधी संपते, आणि कोर्टाचं पाकीट आलं तर उत्तर किती तारखेच्या आत द्यायचंय. मोर्चा त्यानंतरही काढता येतो. मुदत गेली की गेली.

त्या आजोबांची वारसनोंद व्हायला सात महिने लागले. त्यानंतर त्या वर्षाचा कर माफ झाला. आधीच्या वर्षांची थकबाकी मात्र माफीत बसत नव्हती. ती कमी करून देणारा कायदा यायला 2020 उजाडलं, आणि तोवर मी मिशिगन सोडलं होतं.