पोटुशींचे प्रश्न: गोळ्या, पाणीपुरी आणि शेगडी

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की दिवस गेलेल्या मुलींनी मनातलं काहीही विचारा, विचारायला लाज वाटेल असं पण, तर पत्रांचा ढीग आलाय. उत्तरं देणाऱ्या आम्ही तिघी, इंदूरच्याच. लोकमान्य नगरच्या माई, त्यांची तीन बाळंतपणं आणि दोन सुनांची केलेली, वैशाली नगरची आमची मैत्रीण जिचं बाळ आत्ता दहा महिन्यांचं आहे, आणि मी, दोन मुलांची आई. डॉक्टर आमच्यात कोणी नाही हे आधीच सांगते. पत्रं वाचताना एका गोष्टीने फार कसंतरी झालं, अर्ध्याहून जास्त पत्रांत एक वाक्य आहेच, "घरी कोणाला सांगितलं नाही".

पाचवा महिना चालू आहे, हिमोग्लोबिन ९.२ आलं. लोहाच्या गोळीने मळमळतं आणि शी काळी होते, म्हणून आठ दिवस झाले मी गोळी बंद केलीय, घरी कोणाला सांगितलं नाही. बीट, खजूर, गूळ खाऊन भागेल का? (सुदामा नगर)

नाही गं भागणार. बीट-खजूर खा, चांगलंच आहे, पण गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की त्याला रक्त कमी आहे असंच म्हणतात आणि तू तर ९.२ वर आहेस, तेवढी तूट नुसत्या खाण्याने या चार महिन्यांत भरून निघत नाही. काळी शी होणं हे त्या गोळीचंच, जे लोह अंगात शोषलं जात नाही ते बाहेर पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सरकारी दवाखान्यात जी लाल गोळी मिळते ना तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. तुझं कमी आहे म्हणून डॉक्टर कदाचित रोज दोन सांगतील, पण आपल्या मनाने दोन करू नकोस.

आता मळमळीचं. मला पण व्हायची, सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत जीव नकोसा व्हायचा, मग डॉक्टरांना विचारून मी रात्री झोपायच्या आधी घ्यायला लागले, लिंबूपाण्याबरोबर, आणि फरक पडला. लिंबू, आवळा, संत्रं यातल्या सी व्हिटॅमिनने लोह नीट लागू पडतं. आणि चहा! आपल्या इंदूरात सकाळी पोहे म्हटले की चहा आलाच, पण चहाने लोह फार कमी शोषलं जातं, म्हणून गोळी आणि चहा यात निदान एक-दोन तासांचं अंतर ठेव. कॅल्शियमची गोळी पण लोहाच्या गोळीसोबत नको, एक दुपारी एक रात्री असं कर. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढव, भाज्या वाढव. एवढं सगळं करून पण नाहीच सोसली तर डॉक्टर गोळी बदलून देतात, नाहीतर शिरेतून लोह देतात, म्हणजे मार्ग आहेत गं, पण तू सांगितलंस तर. आजच आईला किंवा नवऱ्याला सांग की गोळी बंद आहे.

दुसरा महिना संपतोय. दिवसभर उलट्या. किती दिवस चालणार हे? (स्नेहलतागंज)

बहुतेकींचं चौथ्या महिन्यापर्यंत कमी होतं. पोट रिकामं ठेवू नकोस, उशाशी लाह्या नाहीतर खाखरा ठेव आणि उठायच्या आधी दोन घास खा, मग पाय खाली टाक. आलं चघळून बघ. पण पाणी सुद्धा टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल, वजन उतरत असेल तर घरगुती उपाय पुरे, सलाईन लागू शकतं, डॉक्टरांकडे जा.

मला पाणीपुरीचे भयंकर डोहाळे लागलेत, सातवा महिना आहे. नवरा म्हणतो चल सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, सासूबाई म्हणतात डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते. जाऊ का? (राजेंद्र नगर)

लाळ सगळ्याच बाळांची गळते, तिचा डोहाळ्यांशी काही संबंध नाही, हे माईच सांगताहेत. पाणीपुरी मात्र बाहेरची नको. हे मी उगाच सोवळेपणाने नाही म्हणत. हेपॅटायटिस ई नावाची कावीळ दूषित पाण्यातून होते, एरवी माणूस त्यातून बरा होतो, पण गरोदरपणात आणि त्यातून शेवटच्या तीन महिन्यांत ती बाईच्या जिवावर बेतते. ते पाणी कुठलं, बर्फ कुठला, कोणाला माहीत. घरी उकळून गार केलेल्या पाण्यात पुदिना-चिंच घालून कर आणि हव्या तेवढ्या खा, पुऱ्या पण ताज्या आण. सराफ्यात जायचंच असेल तर समोर कढईतून निघालेलं गरम गरम भुट्ट्याचं कीस खा, थंडी असेल तर गराडू, म्हणजे तो तळलेला कंद, खा थोडे, पण कापून ठेवलेली फळं आणि चटण्या नको. वाफेवरचे गरम पोहे चालतील, वर कच्चा कांदा नको सांग.

साखरेच्या तपासणीत १५२ आलं. आदल्या दिवशी जलेबी खाल्ली होती म्हणून असेल का? खूप रडले मी, बाळाला माझ्यामुळे डायबिटीस होणार का? (तिलक नगर)

जलेबीमुळे नाही, आणि तुझ्यामुळे तर नाहीच नाही, हे आधी डोक्यातून काढ. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा जास्त आलं की गरोदरपणातला डायबिटीस धरतात. वार असते ना, तिच्यातून येणाऱ्या हार्मोन्समुळे अंगातलं इन्सुलिन कमी काम करतं, काही जणींचं शरीर ते भरून काढतं, काहींचं नाही, एवढंच आहे ते. बाळ जन्मतः डायबिटीस घेऊन येत नाही, पण साखर चढीच राहिली तर बाळ पोटात फार मोठं होतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली येऊ शकते म्हणून ती आटोक्यात ठेवायची.

आमच्या वैशाली नगरच्या मैत्रिणीला हेच झालं होतं. तिने काय केलं तर पोह्यातले पोहे कमी आणि त्यात वाफवलेली मोड आलेली मटकी, शेंगदाणे, मटार घातले, जलेबी बंद, दोनदा पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं पाच वेळा, आणि प्रत्येक जेवणानंतर कॉलनीतच पंधरा-वीस मिनिटं चालणं. पंधरा दिवसांनी साखर जागेवर आली, इन्सुलिन लागलं नाही. पण लागलं तर घ्यायचं बरं का, ते बाळाला बाधत नाही. बाळंतपणानंतर दीड महिन्याने पुन्हा तपास आणि पुढे पण वर्षा-दोन वर्षांनी तपासत राहा, कारण एकदा झालं की पुढे डायबिटीस होण्याची शक्यता जास्त असते.

सूनबाई प्रत्येक गोष्ट मोबाईलवर बघून मला सांगते, हे चालत नाही ते चालत नाही. आम्ही काय मुलं वाढवली नाहीत? शेवटच्या महिन्यात तूप प्यायलं की बाळंतपण सुखरूप होतं, केशराने बाळ गोरं होतं, दोन जिवांचं खायचं असतं, पपई विषासारखी, ग्रहणात कात्री धरू नये, यात काय चूक? (पारसी मोहल्ला)

काकू, तुमचं पत्र माईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या हिला मीच उत्तर देणार. त्यांचंच लिहिते.

"मी पण हे सगळं माझ्या सासूबाईंकडून घेतलं आणि थोरल्या सुनेवर केलं. तूप पोटात जातं, बाळाची वाट वेगळी, तिथपर्यंत तूप पोचत नाही. मी थोरलीला वाट्या भरभरून पाजलं, तिचं वजन भलतंच वाढलं आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नाही हो, रोजच्यापेक्षा साडेतीनशे कॅलरी जास्त, म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर घट्ट वरण. केशर दुधात घाला, सुगंध छान येतो, रंग मात्र आईबापाकडून येतो. पपईचं तुमचं अर्धं बरोबर आहे, कच्च्या पपईच्या चिकाने पिशवी आकुंचन पावण्याची भीती असते, ती नकोच, पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही होत नाही. ग्रहणात उपाशी आणि बिनपाण्याची मात्र तिला बसवू नका, चक्कर येऊन पडली तर काय घ्या. बाकी डोहाळजेवण करा, हिरवी साडी नेसवा, ओटी भरा, रोज संध्याकाळी तिचे पाय चेपून द्या. ते तिला कुठलाही मोबाईल देणार नाही."

काकू, आणि एक मी माझ्याकडून विचारते, सूनबाई मोबाईलवर बघते ते तुम्हाला डावलायला की भीतीने? तिला एकदा विचारून बघाल?

३४ आठवडे झालेत. काल बाळ कमी हललं असं वाटलं, आज पण. नणंद म्हणाली शेवटी जागा कमी होते म्हणून कमीच हलतं. थांबू का पुढच्या तपासणीपर्यंत? (वैशाली नगर)

या पत्रावर फोन नंबर होता म्हणून आम्ही तिला लगेच फोन केला, ती त्याच संध्याकाळी दाखवून आली, दोघं ठीक आहेत. पण बाकीच्या सगळ्यांसाठी इथे लिहिते.

शेवटी बाळ कमी हलतं हे खरं नाही. हलण्याची तऱ्हा बदलते, उड्यांऐवजी सरकल्यासारखं वळल्यासारखं वाटतं, पण कमी होत नाही. पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांना हालचाल कळायला लागते आणि २८ आठवड्यांनंतर आपल्या बाळाच्या वेळा आपल्याला पाठ होतात, जेवल्यावर, रात्री पडल्यावर. शंका आली तर काही खाऊन डाव्या कुशीवर पड, दुसरं काही न करता नुसतं मोज. दोन तासांत दहा वेळा जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं, किंवा दहा भरले तरी रोजच्यापेक्षा वेगळं वाटतंय असं मन म्हणत असेल, तर तेव्हाच जायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

माझ्या धाकटीच्या वेळी रंगपंचमी होती. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली, अर्धे रस्ते बंद, घरात पाहुणे, आणि मला सकाळपासून वाटत होतं की ही आज शांत आहे. मी दुपारपर्यंत श्रीखंड वाढत राहिले. सणाच्या दिवशी काय सगळ्यांना धावडवायचं, असं मनात. शेवटी जाऊबाईंनी माझा चेहरा बघून विचारलं आणि मी बोलले, मग दिरांनी गल्लीबोळातून गाडी काढली, दवाखान्यात बाळाचे ठोके बघायचा पट्टा लावला, सोनोग्राफीत पाणी खूप कमी निघालं आणि रात्री सिझर झालं. ती आता नववीत आहे. ते दुपारचे चार तास मला अजून आठवतात.

असंच लगेच जायचं अजून कधी: अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, थांबत नाही असं डोकं दुखलं, डोळ्यापुढे अंधारी किंवा काजवे, तोंड आणि हात एकदम सुजले, छातीखाली पोटात जोरात दुखलं. संध्याकाळी पाय सुजतात ते वेगळं, ते बहुतेकींचे सुजतात, पण वरचं काही असलं की बीपी १४०/९० च्या वर गेलेलं असू शकतं आणि ते झटके येण्यापर्यंत जातं.

जानेवारीत बाळंतपण आहे, आई शेक-शेगडीची तयारी करतेय. डॉक्टर नको म्हणतात. आमच्याकडे थंडी किती कडक असते तुम्हाला माहीतच आहे. (ग्वाल्हेर)

डॉक्टरांचं ऐक. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास येत नाही, धूर दिसत नाही, झोपेतच माणूस जातो. आईला म्हण तेल लावून मालिश कर, गरम पाण्याने आंघोळ घाल, कमरेला गरम पाण्याची पिशवी दे, अळिवाची खीर दे, डिंकाचे लाडू दे, सगळं हवंय, कोळसा नको. बाळाला तुझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून दोघांना पांघरून घे, त्याच्याइतकी ऊब कशात नाही. आणि पहिल्या तासातच पाजायला घे, तो पिवळा घट्ट चीक टाकून देऊ नकोस, मध चाटवू नकोस, वर्षाच्या आत मधातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

मी पीथमपूरला शिफ्टमध्ये आहे, बायको घरी एकटी, आठवा लागेल आता. मी काय करून ठेवू? (नवरा, इंदूर)

दादा, नवऱ्याचं असं हे एकच पत्र आलं, म्हणून शेवटी पण नीट लिहिते. शेजारच्या एका काकूंना किल्ली देऊन ठेवा आणि १०८ दोघांच्या फोनमध्ये. खासगीत परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते, २०१६ पासून चालू आहे, त्या दिवशी सुट्टी टाकून तुम्ही बरोबर जा. दोघांचे रक्तगट बघा, बायकोचा निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर २८ आठवड्यांना एक इंजेक्शन असतं, अँटी-डी, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांत परत. आठवा लागेल म्हणता म्हणजे पहिलं घेतलंय का हे आजच फाईलमध्ये बघा. रक्त देऊ शकतील असे दोन मित्र आधीच ठरवून ठेवा. रात्रपाळी बदलून मिळते का विचारा, आत्ताच, नववा लागायच्या आधी. बॅग दाराजवळ, आणि त्यात सगळ्यात वर तपासण्यांची फाईल.