ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी) साधं डॉट ४ ब्रेक ऑइल चालेल की रेसिंगचं महागडं घ्यावं? आणि कधी बदलावं?

डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) चालेल, ताजं असेल तर. वर्षापूर्वी फोडलेली, तीनशे डिग्रीला उकळणाऱ्या तेलाची बाटली मात्र चालणार नाही, ती कितीलाही घेतलेली असो. हे मी आमच्या दाजींना अजून पटवतोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

दाजी चिपळूणचे. पोलो आहे, चालवतातही झकास, त्याबद्दल वाद नाही. कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे होता, तिथे मला मेकॅनिक म्हणून धरून नेलं. (माझं सांगलीत गॅरेज आहे, आणि ताईचा फोन आला की नाही म्हणायची सोय नसते.) निघायच्या आधी मी म्हटलं, सगळं ब्रेक ऑइल काढून नवीन भरू. तर म्हणाले, "झालंय ते. मोटुल आरबीएफ ६०० टाकलंय, ३१२ डिग्री!" टाकलंय म्हणजे काय, तर बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्यातलं काळं तेल सिरिंजने ओढलं आणि वरून हे ओतलं. बाटलीसुद्धा मे महिन्यात फोडलेली, अर्धी उरलेली, अख्खा पावसाळा फळीवर पडून. चिपळूणचा पावसाळा, बरं का. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मुरलं की उकळायचा आकडा धडाधड खाली येतो. बाटलीवरचे ३१२ हे कोरड्या, नव्या तेलाचे. तेच ओलं झालं की दोनशेच्या आसपास.

त्यात ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. पेडल दाबलं की नळीत जेमतेम पुढे सरकतं, सोडलं की मागे. डब्यात ओतलेलं आपोआप कॅलिपरपर्यंत (चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबतो तो भाग) पोचत नाही, त्यावरचं निपल उघडून जुनं बाहेर काढावंच लागतं. आणि तापतं नेमकं कॅलिपरमध्ये, जिथे सगळ्यात जुनं तेल बसलेलं असतं.

करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, म्हणजे एक वळण संपेपर्यंत दुसरं, ब्रेक गार व्हायला वावच नाही. थोडे लॅप झाले आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल थेट तळाला. दाजींनी पंप मारून मारून थोडा ब्रेक मिळवला, गाडी गवतात जाऊन थांबली. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे) उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य, "पॅड बोगस आहेत." चहा होईपर्यंत गाडी गार झाली, पेडल परत टणक. "बघ, पॅड गार झाले."

अहो, पॅड तापून गेले तर पेडल टणकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल खाली गेलं म्हणजे तेल उकळून वाफ झाली. वाफ दबते, तेल दबत नाही. गार झाल्यावर वाफेचं परत पाणी होतं, म्हणून पेडल परत येतं आणि माणूस फसतो. मी पुढचं चाक काढलं, निपलला पारदर्शक नळी लावली, एका पोराला पेडलवर बसवलं. दाब, धर, सोड. पहिल्या फटक्याला चहाच्या रंगाचं तेल. पार पिवळसर, स्वच्छ येईपर्यंत काढलं. भरलं काय? माझ्या पिशवीतलं सीलबंद साधं डॉट ४. त्याच पॅडवर उरलेला दिवस पेडल टणक राहिलं.

आता तुमचं. डॉट ४ म्हणजे उकळायचा आकडा कोरडं असताना किमान २३० डिग्री, ओलं असताना १५५. डॉट ५.१ म्हणजे २६० आणि १८०. ओलं म्हणजे ३.७ टक्के पाणी मुरलेलं. प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी बदलणार असाल तर कोरडा आकडा बघा. आळशी असाल तर ओला बघा, आणि मग खिसा मोठा ठेवा: कॅस्ट्रॉल एसआरएफचा ओला आकडा २७० च्या घरात आहे, किंमतही तशीच. पहिल्यांदाच जाताय तर चांगलं डॉट ४ किंवा ५.१, आदल्या आठवड्यात चारही चाकांना. स्टीलच्या जाळीचे होज वगैरे नंतर. झिजलेले पॅड घेऊन जाऊ नका, पॅड पातळ झाला की उष्णता सरळ तेलात जाते. शेवटचा लॅप हळू मारा, पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका.

हो, डॉट ५ वेगळं. ते सिलिकॉनचं, यात मिसळायचं नाही. आकडा मोठा म्हणून भारी, असं एका सर्व्हिस ॲडव्हायझरने मला तोंडावर सांगितलंय. एबीएसच्या युनिटमधलं तेल काही गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही, आणि कुठलं चाक आधी तेही गाडीगणिक बदलतं, मॅन्युअल बघा. बॉनेटवर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

दाजींनी घरी जाऊन पॅडच बदलले. काढलेले माझ्या भाच्याच्या पोलोला लावलेत, मस्त चालतायत.