लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी रेल्वेत बसण्याची वेगळी सोय असावी का?

असावी. तुम्ही विचारले आहे की लांब पल्ल्याच्या गाड्यांत लहान मुले असलेल्या कुटुंबांची बसण्याची सोय वेगळी करावी का, तशी केल्यास तो त्यांच्यावर अन्याय ठरेल का, आणि अशी सोय नसलेल्या गाडीत जागा कशी निवडावी. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांवर माझे मत ठाम आहे, कारण नेमक्या याच विषयावरून माझा आणि माझ्या मोठ्या भावाचा अनेक वर्षे वाद चालू आहे. दादाच्या मते मुलांना वेगळे बसवणे म्हणजे त्यांना वाळीत टाकणे. मुले चारचौघांत वाढली पाहिजेत आणि त्यांचे रडणे सहन करण्याची सवय लोकांनीही लावून घेतली पाहिजे, असे तो म्हणतो. ऐकायला हे छान वाटते. परंतु असे म्हणणाऱ्यांपैकी कितीजण रडणारे मूल खांद्यावर घेऊन डब्यात फेऱ्या घालायला उठतात, हे मी जवळून पाहिले आहे.

माझा मुलगा दीड वर्षाचा असताना तो, मी आणि दादा असे तिघे दिवसभराच्या प्रवासाला निघालो होतो. खुर्च्यांचा डबा होता, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला होती आणि आमच्या पुढच्या खुर्चीवर एक गृहस्थ लॅपटॉप उघडून काम करीत बसले होते. मुलगा माझ्या मांडीवर बसला की त्याचे पाय बरोबर त्यांच्या खुर्चीच्या पाठीला लागत. पहिल्या वेळी त्यांनी मान वळवून पाहिले, दुसऱ्या वेळी मोठ्याने सुस्कारा सोडला, आणि त्यानंतर मी मुलाची दोन्ही पावले मुठीत धरून बसले. त्या वयाच्या मुलाची पावले धरून ठेवली की पुढे काय होते, ते आईबापांना सांगायला नको. मुलाने भोकाड पसरल्यावर ते गृहस्थ म्हणाले की इतकी लहान मुले घेऊन लोक प्रवासाला निघतातच कशाला. त्यावर दादाने उभे राहून त्यांना लहान मुलांचे हक्क, समाजाची जबाबदारी आणि त्यांचे स्वतःचे बालपण या तिन्ही विषयांवर इतके ऐकवले की निम्मा डबा माना वळवून पाहू लागला. भाषण उत्तम झाले. ते संपताच, जरा पाय मोकळे करून येतो, असे सांगून तो जो गेला, तो दोन डबे पलीकडे एका रिकाम्या खुर्चीवर झोपला होता, हे मला उतरताना कळले.

मी मुलाला घेऊन दोन डब्यांच्या जोडावर जाऊन उभी राहिले. तिथे पायाखाली लोखंडी पत्रे एकमेकांवर सरकत असतात. गाडी वळणावर आली की एक पत्रा दुसऱ्याखाली शिरतो आणि गाडी सरळ झाली की पुन्हा बाहेर येतो. ती हालचाल पाहताना मुलगा एकदम गप्प झाला आणि खाली उतरण्यासाठी धडपडू लागला. मला त्याला खाली सोडता येत नव्हते, कारण त्या फटीत त्याची बोटे सहज गेली असती, आणि परत जागेवर जावे तर तिथे ते गृहस्थ होते. दार ढकलून येणारा-जाणारा प्रत्येकजण आम्हाला भिंतीशी चेपून पुढे जात होता. मुलांना समाजात मिसळू देण्याचा दादाला अभिप्रेत असलेला कार्यक्रम प्रत्यक्षात असा पार पडला.

परतीच्या गाडीत लहान मुलांसाठी राखलेला एक छोटा बंद कक्ष होता. मी तिथे जागा घेतली. दादा तत्त्वाचा प्रश्न म्हणून दुसऱ्या डब्यात बसला. कक्षात एक जोडपे आणि त्यांची तीनेक वर्षांची मुलगी होती. तिने माझ्या पिशवीची चेन उघडायची आणि माझ्या मुलाने ती ओढून लावायचा प्रयत्न करायचा, हा खेळ किती वेळ चालला कुणास ठाऊक. मधे एकदा दोघेही रडले. कुणी सुस्कारा सोडला नाही आणि मलाही कुणाची क्षमा मागावी लागली नाही. त्या मुलीच्या वडिलांनी, मी लक्ष ठेवतो, तुम्ही जरा डोळे मिटा, असे सांगितले आणि मी खरोखरच झोपले.

दादाचे दुसरे म्हणणे असे की जगात कुठेही मुलांना असे बाजूला काढत नाहीत. हे साफ चूक आहे. जर्मनीतील वेगवान आयसीई गाड्यांत तान्ह्या व लहान मुलांच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र कक्ष राखलेले असतात आणि त्यांचे आरक्षण करता येते. त्याच गाड्यांत शांतता पाळण्याचे भागही असतात, पण तिथे बसणाऱ्यांना वाळीत टाकले आहे असे दादासुद्धा म्हणत नाही. स्वित्झर्लंडच्या दुमजली आंतरशहरी गाड्यांत कुटुंबांच्या डब्याचा वरचा मजला मुलांना खेळण्यासाठी दिला आहे आणि तिथे घसरगुंडी आहे. फिनलंडच्या दुमजली गाड्यांतही वरच्या मजल्यावर खेळायची जागा आणि मुलांची पुस्तके असतात.

भारतात २०२२ च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून तान्ह्या बाळासाठी घडीची छोटी बर्थ प्रयोग म्हणून बसवली गेली. हेतू चांगला होता, परंतु तिने फार तर बाळाच्या झोपेचा प्रश्न सुटतो, आणि झोपलेल्या मुलाचा त्रास मुळात कुणालाच नसतो. खरी अडचण जाग्या मुलाची असते. शिवाय ५ वर्षांखालच्या मुलाला भारतीय रेल्वेत तिकीट लागत नाही आणि म्हणून त्याला स्वतःची जागाही मिळत नाही. त्याहून मोठ्या, पण १२ वर्षांखालच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवी असेल तर २०१६ च्या एप्रिलपासून पूर्ण भाडे भरावे लागते. सवलत कुणाला नको असते? परंतु मांडीवरचे मूल जागांच्या हिशेबातच नसल्यामुळे त्याचे पाय कुठे जाणार, याचा विचार डबा आखणारा करीत नाही. तो शेवटी आईला करावा लागतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगते. समोरासमोर आसने आणि मधे टेबल असलेली जागा मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण तिथे मुलाच्या पायांसमोर कुणाची पाठ येत नाही. स्वच्छतागृहाजवळची जागा सोयीची वाटते, पण तिथले दार सतत वाजत राहते आणि मोठ्या मिनतवारीने झोपवलेले मूल जागे होते. त्यापेक्षा दोन-तीन रांगा सोडून बसणे बरे.

आता अन्यायाचा मुद्दा. ही सोय ऐच्छिक असेल तरच माझे वरचे सगळे म्हणणे लागू आहे. कुटुंबांच्या कक्षात जागा आहे म्हणून तपासनिसाने किंवा सहप्रवाशाने एखाद्या आईला उठवून तिकडे पाठवायचे ठरवले, तर तो अन्यायच होईल आणि तेव्हा मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने उभी राहीन. दुसरे असे की संपूर्ण गाडीत असा एकच कक्ष ठेवून भागणार नाही, कारण तो भरल्यावर उरलेल्या कुटुंबांना, तुम्ही तिकडे का नाही बसलात, असे विचारायला लोक कमी करणार नाहीत. तिथे जायचे की नाही, हे मुलाला सांभाळणाऱ्या माणसानेच ठरवायला हवे. सोबत आलेल्या मामाने नव्हे. हे सगळे मी दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला की मीही पहिल्यापासून हेच म्हणत होतो. तो हे म्हणत नव्हता.