प्रयोगात थेट मोजता येत असताना अतिशीत फर्मी वायूंच्या सिम्युलेशनमध्ये पीएचडीची पाच वर्षं घालवावीत का? आणि फोर्ट्रान शिकावी लागेल का?

‘थेट मोजता येत असताना’ हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी साडेचार वर्षं ऐकलंय, तेही माझ्याच गाईडच्या तोंडून.

माझा विषय एकच आकडा होता. लिथियम-६ चा फर्मी वायू (दोन सारखे कण एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत असा), दोन्ही स्पिन म्हणजे कणांचे दोन्ही प्रकार समसमान, चुंबकीय क्षेत्र नेमकं रेझोनन्सवर, म्हणजे कणांमधल्या परिणामाचं माप, स्कॅटरिंग लेंग्थ, अनंत. अशा वायूची ऊर्जा मुक्त, म्हणजे कण एकमेकांना जाणवत नाहीत अशा, फर्मी वायूच्या ऊर्जेच्या किती पट, तो आकडा म्हणजे हा क्साय (ग्रीक अक्षर ξ). १९९९ मध्ये अणुकेंद्र-भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज बर्ट्श यांनी हा आकडा काढून दाखवा म्हणून आव्हान दिलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात लिथियम नव्हता, न्यूट्रॉन ताऱ्यातलं द्रव्य होतं. ते कुठल्या लॅबमध्ये थेट मोजणार आहात? न्यूट्रॉनची स्कॅटरिंग लेंग्थ उणे साडेअठरा फर्मीच्या (इथे फर्मी हे अणुकेंद्राच्या मापाचं लांबीचं एकक) आसपास आणि इफेक्टिव्ह रेंज, म्हणजे बलाचा पल्ला, २.७. ती रेंज शून्य धरून चालत नाही. लिथियमवर घासून-पुसून घेतलेला कोडच तिथे चालवावा लागतो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच झालं.

या आकड्याचा पहिला भरवशाचा हिशोब २००३ चा, आणि त्यात भौतिकशास्त्रज्ञ विजय पांढरीपांडे होते. जन्म नागपूरचा, शिक्षण नागपूर विद्यापीठात, मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), मग अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ. मीही नागपूरचाच, त्यामुळे इथे मी तटस्थ नाही. मीन-फील्डने, म्हणजे बाकीच्या कणांचा सरासरी परिणाम धरणाऱ्या ढोबळ पद्धतीने, ०.५९ येत होतं. पांढरीपांडे आणि सहकाऱ्यांनी नोड (तरंगफलनाचं चिन्ह बदलतं त्या जागा) पकडून ठेवून मॉन्टे कार्लो, म्हणजे रँडम नंबर वापरून हिशोब, केला आणि ०.४४ काढलं. आमच्या ग्रुपमध्ये एकजण सारखा म्हणायचा, ‘ते ०.४४ चुकलं होतं.’ अहो, नोड पकडून ठेवले की मिळते ती वरची मर्यादा. खरा आकडा तिच्या खाली निघाला. याला चुकणं म्हणत नाहीत.

आता माझी कथा. २०१२ ची दिवाळी, बाहेर बर्फ, आणि मी क्लस्टरवर टाकलेले जॉब संपायची वाट बघतोय. पद्धत ऑक्झिलरी-फील्ड, तीही मॉन्टे कार्लोचाच प्रकार. समसमान स्पिन आणि आकर्षण असलं की दोन्ही स्पिनचे डिटर्मिनंट (हिशोबात वजन म्हणून येणारे आकडे) सारखेच येतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वर्ग, तो ऋण होत नाही. त्यामुळे नोड पकडायची गरजच नाही. २०११ मध्ये याच मार्गाने ०.३७२ आलं होतं आणि २०१२ मध्येच अमेरिकेतल्या एमआयटीचा प्रयोग ०.३७६ घेऊन आला होता. माझे दोन आकडे आले: ६६ कणांना ०.३७५, ३८ कणांना ०.३८६. एरर बार, म्हणजे अनिश्चितता, ०.००३.

गाईडनी ग्राफ पाहिला आणि म्हणाले, ‘३८ चा टाकून दे. सिस्टीम लहान आहे. ६६ चा एमआयटीशी जुळतोय ना, मग झालं.’

मला ते पटेना. लहान आहे हे कारण चालेल, पण लहान असण्याने नेमकं काय बिघडलं ते दाखवायला नको? आठ आठवडे टाइम-स्टेप बदलून बघितली, जाळी बारीक केली, रँडम नंबरचं सीडसुद्धा बदललं. काही नाही. शेवटी एका रात्री चिडून कागद-पेन घेतलं. ३८ म्हणजे प्रत्येक स्पिनचे १९: शून्य संवेगाला १, पुढच्या कवचात, म्हणजे ऊर्जेच्या पुढच्या पायरीवर, ६, त्याच्या पुढे १२. ऊर्जेची बेरीज सहा एके सहा, बारा दुणे चोवीस, तीस. दोन स्पिनची ६०. अनंत वायूच्या सूत्राने तीच ६२.५ येते. ६६ कणांना हेच केलं तर १५६ आणि १५६.८.

सीनियरकडून मिळालेली स्क्रिप्ट माझी ऊर्जा डब्यातल्या मुक्त कणांच्या ६० ने भागत होती. भागायला हवं होतं ६२.५ ने. जोड्या बांधलेल्या वायूला ती कवचं फारशी जाणवतच नाहीत, त्यामुळे भागाकारातून मी ती स्वतःच आत घुसवत होतो. दुरुस्त केल्यावर ३८ ला ०.३७१ आणि ६६ ला ०.३७३. दोन्ही जुळे भाऊ.

गाईडचं म्हणणं काय? ‘आधीचं ०.३७५ जास्त जवळ होतं.’

आणि मग २०१३ आलं. रेझोनन्सची जागा जर्मनीत नव्याने मोजली गेली, ८३४ गाउसच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) जागी ८३२.१८. तेवढ्याने एमआयटीचा आकडा ०.३७० वर सरकला. ज्याच्याशी ‘जुळवायचं’ होतं तोच हलला! तो पेपर छापून मी त्यांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग होता, बाकी काही चर्चा नाही.

म्हणून विषय घ्या, जरूर घ्या, पण गाईडला आधी विचारा: माझा आकडा प्रयोगाशी जुळला नाही तर तुम्ही काय कराल? ‘पुन्हा तपास’ म्हणाले तर बसा, ‘जुळेपर्यंत पॅरामीटर बघू’ म्हणाले तर दुसरं दार ठोठवा. जुळवून घेणाऱ्या सिम्युलेशनपेक्षा प्रयोगच केलेला बरा.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. माझी केस सोपी होती. एक स्पिन जास्त झाला की तो वर्ग मोडतो, चिन्हं उलटसुलट येतात आणि एरर बार हाताबाहेर जातात. ट्रॉयर आणि विसे या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्येच दाखवलंय की याला सर्वसाधारण तोडगा निघण्याची आशा जवळपास नाही. तिथे प्रयोगवाले खरंच पुढे आहेत, आणि तुमची शंका तिथे रास्त आहे. दुसरं, स्क्रिप्ट न वाचता वापरली ती मीच. गाईडनी हे मला प्रबंधाच्या डिफेन्सपर्यंत ऐकवलं, आणि त्यात ते बरोबर होते. शिवाय मी आता पुण्यात एका बँकेसाठी रिस्क मॉडेल बनवतो, तेव्हा नोकरीबाबतचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका.

फोर्ट्रानचं म्हणाल तर हो, लागेल. आमचा अख्खा कोड त्यातच होता. पायथन फक्त शेवटी ग्राफ काढायला, आणि तो भागाकार पायथनमध्ये होता.